गन शोला पहिल्यांदाच जायचंय : काय बघावं, काय टाळावं?

फ्रिस्कोकर

मंडळी, टेक्सासात आता बऱ्यापैकी रुळलोय. ऑफिसातला एक सहकारी, पक्का टेक्सन आणि शिकारीचा नाद असलेला, या वीकांताला डॅलसजवळच्या गन शोला (बंदुका मांडून विकायचा मेळावा) चल म्हणून मागे लागलाय. विकत काही घ्यायचं नाही, नुसती उत्सुकता आहे. गावाकडे पाटलांच्या ओसरीवर रानडुकरांसाठीची बारा बोअरची बंदूक टांगलेली असायची. बंदुकीशी आपला संबंध तेवढाच.

प्रश्न असे :
१. मी एच-१बी वर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आहे. आत जाता येतं का?
२. बायको आणि आठ वर्षांचा मुलगाही येतो म्हणतायत. न्यावं का?
३. बंदूक हातात घेऊन बघितली तर चालतं का?
४. तिथे वागायचं कसं? आपण वेगळे दिसतो, कुणी वाकड्यात शिरणार नाही ना?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सातपुडा

जा की बिनधास्त. तिकीट काढा, आत शिरा. जत्राच असते ती, फक्त पिपाण्यांच्या जागी रायफली.

ह्यूस्टनचे_मास्तर

मी नागरिक आहे, जुन्या लष्करी रायफली जमवतो, त्यामुळे असे शो पाहण्यात बरेच शनिवार गेलेत. जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न क्र. १. आत जायला व्हिसाची आडकाठी नाही. दारावर कुणी पासपोर्ट मागत नाही. साधारण दहा ते वीस डॉलर तिकीट, काही ठिकाणी पार्किंगचे वेगळे पैसे. रोकड जवळ ठेवा, तिकीट खिडकीवर आणि छोट्या टेबलांवर कार्ड चालेलच असं नाही. पत्र्याच्या मोठ्या हॉलमध्ये फोनची रेंजही बरेचदा जाते.

दारात एक पोलीस आणि एक टेबल दिसेल. कुणी स्वतःची बंदूक विकायला किंवा दाखवायला आणली असेल तर ती तिथे रिकामी करून तपासतात आणि पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा पट्टा आवळतात. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना पिस्तूल बाळगता येतं, पण बहुतेक शोमध्ये भरलेली बंदूक आत नेऊ देत नाहीत, परवाना असो वा नसो. तुमच्या टेक्सन मित्राला हे ठाऊक असेलच, तरी गाडीतून उतरण्यापूर्वी एकदा विचारा.

आत लांबच लांब टेबलांच्या रांगा. निम्म्या टेबलांवर बंदुका नसतातच. काडतुसांचे खोके, होल्स्टर, चाकू, दुर्बिणी, जुनी नाणी, लष्करी कोट, टी-शर्ट, जर्की (सुकवलेलं मांस), आणि एखादी आजी घरचा मुरंबा विकत बसलेली. गळ्यात रायफल अडकवून हिंडणारे काही लोकही दिसतील. नळीच्या तोंडात काडी खोचलेली, काडीला कागद, कागदावर किंमत. हे दुकानदार नव्हेत, आपली स्वतःची बंदूक विकायला आलेले खाजगी लोक. यांच्याबद्दल पुढे बोलू, कारण व्हिसावाल्यांना खरा धोका इथेच आहे.

वागण्याचं म्हणाल तर नियम थोडे आणि कडक. टेबलावरच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुणी हातात दिलीच तर नळी छताकडे किंवा जमिनीकडे, माणसांकडे कधीच नाही. बोट चापाच्या बाहेर. चेंबर उघडून रिकामं असल्याची खात्री देणाऱ्यानेही करायची आणि घेणाऱ्यानेही. विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढायचा नाही. पॉइंट टू-टू (.२२) बोअरच्या बऱ्याच जुन्या बंदुकांत त्याने पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि मालक असा बघतो की विचारू नका. घासाघीस चालते, रविवारी दुपारी आवराआवर सुरू झाली की जास्तच चालते. शनिवारी सकाळी गर्दी असते, पण चांगला माल तेव्हाच.

वेगळे दिसण्याचं मनातून काढून टाका. एखाद्या म्हाताऱ्याला त्याच्या टेबलावरच्या रायफलीची गोष्ट विचारा, अर्धा तास सुटका नाही.

फ्रिस्कोकर

मास्तर, दंडवत! पण क्र. ३ राहिला. "कुणी हातात दिलीच तर" म्हणालात, म्हणजे मी घेऊ शकतो ना?

कायदेकानू

थांबा. मास्तर नागरिक आहेत, तुम्ही नाही. त्यांचे नियम तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, टायटल १८ च्या कलम ९२२(जी)(५)(बी) मध्ये, नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं *बाळगायलाच* मनाई आहे. नुसती खरेदी नव्हे, ताबा. नोकरीचे एच-१बी आणि एल-१, एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, पर्यटकांचा बी-२, सगळे यात आले. शिक्षा २०२२ च्या दुरुस्तीनंतर पंधरा वर्षांपर्यंत. शिवाय बंदुकीचा गुन्हा हा इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षं काढलेल्या माणसाने हे दोनदा वाचावं.

आता, टेबलापाशी मालकासमोर दोन मिनिटं रायफल हातात धरली म्हणून कुणी बेड्या घालेल का? तसं सहसा होत नाही. पण "ताबा" या शब्दाची व्याप्ती मोठी आहे आणि तुमच्या बाजूने युक्तिवाद करायची वेळ येणं हेच मुळी महागात पडतं. माझा सल्ला : हात पाठीमागे, डोळे उघडे. हाच न्याय शूटिंग रेंजवर भाड्याने पिस्तूल घेण्याला. ऑफिसची मंडळी "टीम आउटिंग" म्हणून रेंजवर जातात, फॉर्मवर सही करताना व्हिसाचा रकाना कुणी वाचत नाही.

अपवाद आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर ही मनाई लागू होत नाही. टेक्सासात हा परवाना पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं, आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. नेहमीचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. म्हणजे १ सप्टेंबरला नवा घेतला नसेल तर तुमचा अपवादही संपला. घरात बंदूक ठेवणाऱ्या एच-१बी वाल्यांनी ही तारीख फ्रीजवर लावावी.

हा सर्वसाधारण सल्ला आहे. स्टेटस बदलण्याचा अर्ज मध्येच असेल तर आपापल्या वकिलाला विचारा.

ह्यूस्टनचे_मास्तर

कायदेकानूंशी सहमत. फ्रिस्कोकर, तुम्ही बघा, हातात धरायचं काम मित्राकडे द्या.

आणि आता ते काडीवाले खाजगी विक्रेते. परवानाधारक विक्रेत्याकडून, म्हणजे ज्याला इथे एफएफएल म्हणतात त्याच्याकडून, घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासली जाते. नोव्हेंबर १९९८ पासून हे चालू आहे. शो दुकानाबाहेर भरला म्हणून यातून सूट मिळते हा गैरसमज आहे. दुकानदाराला तोच नियम दुकानात आणि तोच इथे. पण एकाच राज्यातल्या दोन खाजगी माणसांच्या व्यवहाराला केंद्रीय कायद्याने तपासणीची सक्ती नाही, आणि टेक्सासानेही घातलेली नाही. समोरचा फार तर टेक्सासचं लायसन्स बघेल, नाहीतर तेही नाही. फॉर्म नाही म्हणजे परवानगी आहे असं मुळीच नाही. त्याला विचारायची सक्ती नाही, तुम्हाला मनाई आहेच.

नर्मदातीर

माफ करा, पण मला हा धागाच खटकला. या देशात शाळेतली मुलं टेबलाखाली लपायचे ड्रिल करतात आणि आपण सहलीला कुठे जायचं यावर चर्चा करतोय. मास्तरांनी वर वर्णन केलेल्या याच वाटेने १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडातल्या चारपैकी तीन बंदुका गन शोमधून आल्या होत्या. मारेकरी अल्पवयीन, म्हणून अठरा वर्षांच्या मैत्रिणीला पुढे करून खाजगी विक्रेत्यांकडून घेतल्या. तपासणी शून्य. अशा ठिकाणी तिकीट काढून जाणं म्हणजे त्या बाजाराला हातभारच.

ह्यूस्टनचे_मास्तर

माहिती बरोबर आहे आणि मी ती नाकारत नाही. त्यानंतर २००० साली कोलोराडोच्या मतदारांनीच सार्वमताने तिथल्या गन शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. टेक्सासातही व्हावी असं माझं मत आहे, आणि ते मी शोमध्येही बोलून दाखवतो. दोन-चार जण वाद घालतात, दोन-चार मान डोलावतात. जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण जाणाऱ्याला नियम माहीत असलेले बरे.

नर्मदातीर

ठीक. मी जाणार नाही, पण कायदेकानूंचा प्रतिसाद प्रत्येक देसी व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरायला हवा, एवढं मात्र म्हणेन.

इंदू_तुल्सा

मी तुल्सात राहते. इथला वॉनेनमाकर शो वर्षातून दोनदा भरतो, एप्रिल आणि नोव्हेंबर. चार हजारांवर टेबलं, अकरा एकरांचा एकसलग हॉल. जगातला सगळ्यात मोठा असं ते स्वतः म्हणवतात आणि चालून पाय दुखले की पटतं. नवऱ्याला नाद, मी मुलीला घेऊन जाते. त्यामुळे क्र. २ चं उत्तर माझ्याकडून.

आठ वर्षांच्या मुलाला नेता येतं, बरीच कुटुंबं नेतात. पण घरून निघतानाच बजावा : हात खिशात किंवा आईच्या हातात. टेबलांची उंची नेमकी मुलांच्या नाकाएवढी असते आणि पुढे मांडलेल्या चाकूंना धार असते. बाबागाडी गर्दीत अडकते. आवाजाची भीती नको, आत गोळीबार नसतो. मशीनगन शूट म्हणून जे प्रकार असतात ते वेगळे, तिथे लोक प्रत्यक्ष झाडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ साली अशाच एका कार्यक्रमात आठ वर्षांच्या मुलाच्या हातात उझी मशीनगन दिली, ती झटक्याने उलटली आणि पोर गेलं. तिथे मुलं नेऊ नकाच.

अजून एक, जे कुणी आधी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वस्तूंच्या टेबलांवर नाझी झेंडे, दंडावरच्या पट्ट्या, पदकं सर्रास मांडलेली असतात. काही संग्राहक असतात, काहींच्या डोक्यात काय असतं देव जाणे. मुलगा ते चिन्ह बघून "आई, हे आपलं स्वस्तिक ना?" असं भर गर्दीत मोठ्याने विचारणार, हे गृहीत धरा. उत्तर गाडीतच देऊन ठेवा.

आणि टेक्सासवाल्यांनी लक्षात घ्या, तुल्सात पिस्तूल आवडलं तरी घरी नेता येत नाही. दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला पिस्तूल थेट देता येत नाही. विक्रेता ते तुमच्या राज्यातल्या परवानाधारकाकडे पाठवतो, फॉर्म तिथे भरायचा. रायफल आणि शॉटगन दोन्ही राज्यांच्या कायद्यात बसत असेल तर दुकानदाराकडून जागेवर मिळते.

एडिसनवाला

न्यू जर्सीकरांसाठी पुरवणी. आपल्याकडे असे शो जवळपास नाहीतच, मंडळी पेनसिल्व्हेनियात ओक्सला जातात. तिथे पंधरा-तीस गोळ्यांची मॅगझिनं (बंदुकीला लावायची गोळ्यांची पेटी) वीस डॉलरला ढिगाने पडलेली असतात. मोह आवरा. जर्सीत २०१८ पासून दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बाळगणं गुन्हा आहे. डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की खिशातली तीच वस्तू गुन्हा होते, बंदूक जवळ असो वा नसो.

सॅन_होजेचा_बंड्या

आमच्याकडे तर विषयच संपला. कॅलिफोर्नियात २०२३ पासून राज्य सरकारच्या मालकीच्या जागांवर बंदुका-काडतुसांच्या विक्रीला बंदी, आणि फेअरग्राउंड्स बहुतेक सरकारीच. खाजगी जागेत शो भरला तरी बंदूक घरी न्यायला दहा दिवस थांबायचं. आम्ही आपले फार्मर्स मार्केटला जातो.

ग्रीनकार्डी

मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं (अखेर!). मला घेता येईल ना? शोमध्ये कागदपत्रं काय लागतात?

ह्यूस्टनचे_मास्तर

अभिनंदन. येतं. सध्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि ग्रीन कार्ड, त्यावरचा नंबर फॉर्मवर घालावा लागतो. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचा एखादा सरकारी कागद, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, बरोबर ठेवा. बरेच जण नेमके इथे अडकून हात हलवत परत येतात. दुकानदाराकडून पिस्तुलाला वय २१ पूर्ण, रायफल-शॉटगनला १८. निक्सकडून तीनपैकी एक उत्तर येतं : द्या, थांबा, नाही. "थांबा" आलं तर घाबरू नका, नावात नाव मिसळलं तरी येतं, आणि आपल्याकडच्या पाटील-जोशी-शहांना याची सवय विमानतळापासूनच आहे.

फॉर्मवरचे दोन प्रश्न नीट वाचा. एक, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का? एच-१बी वाल्या मित्राने पैसे देऊन "तुझ्या नावावर घे" म्हटलं तर ती स्ट्रॉ पर्चेस, दोघेही आत. खरीखुरी भेट देता येते, पण ज्याला बाळगायला मनाई आहे त्याला नाही. दोन, गांजा. तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी नाही, आणि फॉर्मवर तसं ठळक छापलेलं आहे.

पहिली खरेदी शोमध्येच करावी का? माझ्या मते नको. गर्दी, गोंगाट, मागे रांग. शोमध्ये हाताळून बघा, रेंजवर भाड्याने घेऊन झाडून बघा, मग दुकानातून घ्या. काडतुसंही शोमध्ये स्वस्त असतात हा समज जुना झाला, ऑनलाइन भाव बघून जा. दुकानदाराने पिस्तुलाबरोबर कुलूप देणं कायद्याने बंधनकारक आहे, ते मागून घ्या.

कायदेकानू

पुस्ती : घरात ग्रीन कार्डवाला नवरा, एच-४ किंवा बी-२ वर आलेले आई-बाबा, अशी सरमिसळ आपल्याकडे नेहमीची. बंदूक तिजोरीत, किल्ली किंवा आकडा फक्त मालकाकडे. "आईंना माहीत असू दे, अडीअडचणीला" हे सोन्याच्या बांगड्यांना ठीक, इथे नको.

खडकीचा_राजा

बंदुका राहू द्यात, मला मास्तरांना विचारायचंय. आपल्या ईशापूरच्या रायफली तिथे मिळतात म्हणे?

ह्यूस्टनचे_मास्तर

हा प्रश्न यायची वाटच बघत होतो! मिळतात. जुन्या लष्करी मालाच्या टेबलावर लाकडी दस्त्याच्या ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलींच्या गर्दीत चौकोनी खोक्यासारखं मॅगझिन असलेली एखादी दिसली की थांबा. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथल्या पट्टीवर अशोकस्तंभाचे सिंह, खाली आर. एफ. आय. आणि साल. रायफल फॅक्टरी ईशापूर. ही २ए किंवा २ए१, साठच्या दशकात, चीन युद्धानंतर, .३०३ चा जुना साचा ७.६२ काडतुसासाठी सुधारून आपल्या लोकांनी काढलेली. लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रूही दिसेल, ती खास भारतीय खूण.

घेणाऱ्यांनी बोल्टचा आणि रायफलीचा नंबर जुळतो का बघावं, नळीत बारीक टॉर्च मारून गंजाचे खड्डे बघावेत. आणि डी. पी. असा शिक्का असेल तर ती फक्त परेडची, झाडायची नाही. एनसीसी केलेल्यांच्या खांद्यावर यातलीच एखादी असणार.

आणि राजे, तुमच्यासाठी खास. जुन्या .३०३ काडतुसांच्या डब्यात हात घालून बुडं वाचत जा, अधूनमधून के. एफ. सापडतं. किर्की फॅक्टरी. तुमची खडकी.

खडकीचा_राजा

आजोबा त्याच फॅक्टरीत होते हो! एखादं रिकामं काडतूस मिळालं तर ठेवा माझ्यासाठी.

कायदेकानू

ठेवा, पण भारतात बॅगेत घालून नेऊ नका! रिकामं असो, भरलेलं असो, स्कॅनरवर बॅग थांबतेच. गन शोमध्ये किंवा रेंजवर वापरलेली सॅक तीच भारतवारीला घेऊन जाणाऱ्यांसाठीही हे. आतल्या कप्प्यात एक जिवंत काडतूस राहिलं तर दिल्ली किंवा मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने अशी बरीच प्रकरणं रद्द केली आहेत. पण तोवर सुट्टी, परतीचं तिकीट आणि वकिलाची फी, तिन्ही गेलेली असतात. बंदुकीची बॅग वेगळी, प्रवासाची वेगळी.

तळकोकण

आमच्याकडे शेतीरक्षणाला ठासणीची बंदूक असते. अमेरिकेत ती मिळते का, आणि व्हिसावाल्याला चालते का? सहज कुतूहल.

ह्यूस्टनचे_मास्तर

मिळते, आणि गंमत म्हणजे १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका आणि तोंडातून दारू ठासायच्या बहुतेक बंदुका केंद्रीय बंदूक कायद्याच्या लेखी फायरआर्म नव्हेतच, अँटिक आहेत. मात्र काही राज्यांचे नियम वेगळे, आणि आधुनिक बंदुकीची चौकट वापरून बनवलेली ठासणीची असेल तर ही सूट नाही. कायदेकानू मला ओरडायच्या आत थांबतो.

कायदेकानू

ओरडत नाही, बरोबर आहे.

फ्रिस्कोकर

सगळ्यांचे आभार. ठरलं : रविवारी दुपारी, मुलगा आणि बायको बरोबर, हात पाठीमागे, मित्राला आर. एफ. आय. शिक्का शोधायला लावणार. स्वस्तिकाचं उत्तर आज रात्रीच देऊन ठेवतो. खायला काय मिळतं तिथे?

इंदू_तुल्सा

हॉट डॉग, नाचो, पॉपकॉर्न. शाकाहारी असाल तर जेवूनच जा. आणि जर्कीच्या टेबलावर फुकट तुकडा पुढे करतात, तो बहुतेक बीफचा असतो. चालत नसेल तर तोंडात टाकायच्या आधी विचारा. टर्कीचीही असते, पण ती मागावी लागते.